अळणीचा करार

तिला सगळे सरळबाई म्हणत, ते दोन कारणांनी. तिच्या हातून रोलरमध्ये गेलेली चादर पलीकडून काठाला काठ जुळून सुतासारखी सरळ बाहेर यायची, हे पहिलं कारण. दुसरं असं की तिला खोटं बोलता येत नसे. म्हणजे ती फार मोठी सत्यवचनी होती अशातला भाग नाही. खोटं बोलायला गेली की तिचे कान लाल व्हायचे, त्यामुळे तिला ते परवडत नव्हतं इतकंच.

ती काम करायची तो कपडे धुण्याचा कारखाना होता. घरगुती कपड्यांचा नव्हे. हॉटेलांच्या आणि इस्पितळांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल, असलं ढिगाने येणारं धुणं. धुऊन पिळून निघालेल्या चादरी रोलरवर यायच्या. रोलर म्हणजे खोलीभर लांबीचा, आडवा, तापून लाल व्हायचा तेवढा बाकी राहिलेला दांडगा गडी. एका बाजूने दोघींनी ओल्या चादरीचे दोन कोपरे धरून त्याच्या तोंडी द्यायचे, दुसऱ्या बाजूने चादर कोरडी आणि कडक इस्त्रीची होऊन पडायची. दोघींनी कोपरे एकाच क्षणी सोडायचे, यात सगळं आलं. एकीने सोडला आणि दुसरीचा अडकला, तर चादर तिरकी ओढली जाते आणि सोबत एखादीची बोटंही ओढली जातात. म्हणून रोलरवर जोड्या ठरलेल्या असत आणि मुकादम त्या सहसा मोडत नसे.

सरळबाईची जोडीदारीण होती शिडी. अंगाने उंच आणि सडपातळ, तोंडाने तिखट. दोघी वर्षानुवर्षं समोरासमोर उभ्या राहून एकमेकींच्या हाताकडे न बघता काम करत होत्या. घरी सून काय म्हणाली, भाजी कितीला झाली, मुकादमाचे केस रंगवलेले आहेत की टोप आहे, हे सगळं चादरी देता देता बोलून व्हायचं.

उन्हाळ्यात त्या खोलीत उभं राहणं हीच एक नोकरी होती. बाहेर हवा दमट, आत वाफ. घाम यायचा आणि वाळायचं नाव घ्यायचा नाही, नुसता वाहायचा. म्हणून मुकादमाने दाराशी दोन पिंपं ठेवलेली होती. एकात साधं थंड पाणी, दुसऱ्यात लिंबू, साखर आणि मीठ घातलेलं सरबत. तासातासाला प्रत्येकीने पिंपाशी जायचंच असा त्याचा दंडक होता. केसांचं काही असो, माणूस जबाबदार होता.

यंदाच्या उन्हाळ्यात सरळबाई दुसऱ्या पिंपाकडे ढुंकूनही बघत नव्हती.

त्यामागे तिचा नवरा होता. नवरा आयुष्यभर बसगाड्यांतून तिकीट तपासनीस म्हणून फिरलेला. निवृत्त झाला तरी नजर तीच, समोरच्याने काहीतरी लपवलेलंच आहे अशी. थंडी सरता सरता त्याला अर्धांगाचा हलका झटका आला. डावा हात काही दिवस ऐकेना, मग ऐकायला लागला. डॉक्टरांनी सुटी देताना सांगितलं, रक्तदाब फार आहे, मीठ अगदी कमी करा. तपासनिसाची बायको घाबरलेली होती. घाबरलेल्या माणसाला ‘कमी’ ऐकू येत नाही. तिने ऐकलं, ‘बंद’. घरी येताच तिने मिठाची बरणी उचलली आणि खालच्या मजल्यावरच्या शेजारणीला देऊन टाकली. वर बजावलं, आमचे मालक मीठ मागायला आले तर द्यायचं नाही, काय वाटेल ते सांगोत. खारवलेलं, पाकिटातलं, डबाबंद असं जे जे होतं तेही बरणीच्या मागोमाग गेलं.

पहिल्या दिवशीचं जेवण ताटात आलं. तपासनिसाने एक घास घेतला, चावला, आणि ताट पुढे सरकवलं.

“हे काय आहे?”

“भाजी आहे.”

“भाजीचा फोटो आहे हा. मी नाही खाणार. मरायचंच आहे तर चवीने मरतो.”

मरण्याचं नाव काढल्यावर तिचं डोकं फिरलं. तिने स्वतःच्या ताटातली तीच भाजी त्याच्यासमोर मोठा घास करून खाल्ली आणि म्हणाली, “हे बघा. तुमच्यासाठी वेगळं शिजवलेलं नाही. आजपासून मीही हेच खाणार. घरात नाही, दारात नाही, कामावर नाही. मिठाचा कण तोंडात घालणार नाही. मी घातला तर तुम्हीही घाला.”

 तपासनिसाने ताट पुन्हा ओढून घेतलं. “बरं. पण मग तपासणी होणार,” तो म्हणाला.

आणि तपासणी खरोखरच व्हायला लागली. रोज संध्याकाळी ती कामावरून आली की तो खुर्चीतूनच विचारी, “तिकीट?” तिने समोर उभं राहून सांगायचं, आज दिवसभरात काय काय पोटात गेलं. तो तिच्या कानांकडे बघे. कान लाल नसले की म्हणे, “चला, पुढे व्हा.” कधी म्हणे, “तुझी एक सोय झाली बघ. मी तुझ्या खाल्ल्या मिठाला जागलो नाही असं आता कुणाला म्हणता येणार नाही.” हसायचा आणि जेवायचा. सगळं जेवायचा. त्याचा रक्तदाब उतरला, चेहऱ्यावर तजेला आला, डावा हात कपबशी न सांडता उचलू लागला. सरळबाईला मनोमन खात्री झाली की हे सगळं आपल्या शब्दावर उभं आहे. आपण एक कण खाल्ला की डोलारा कोसळला.

थंडीच्या शेवटाला दिलेला शब्द निभला. पुढे ऊन तापायला लागलं तसा तो महाग पडू लागला.

कामावर तिने डबा वाटून खाणं सोडलं, कारण दुसरीच्या डब्यातला घास घेतला तर शब्द मोडणार आणि आपल्यातला दिला तर हसू होणार. बायकांना वाटलं, हिला शिष्टपणा चढला. शिडीने विचारलं तर पथ्य आहे म्हणून मोकळी झाली. पुढचं काही विचारलं की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. खरी गुळणी धरली असती तर बरं झालं असतं, पण ते पुढचं.

आधी दुपारनंतर डोकं जड व्हायला लागलं. मग घरी जाताना जिना चढवेना, मधल्या कठड्याला टेकून उभं राहावं लागे. भूक मेली. रात्री पोटऱ्यांत पेटके यायचे, ती तोंडावर पदर दाबून उठून बसायची, नवरा जागा होऊ नये म्हणून. काही विचारलं तर म्हणायची, उकाडा आहे. उकाडा होताच, त्यामुळे कान लाल झाले नाहीत.

मुकादम म्हणाला, बाई, पाणी कमी पडतंय तुमचं, पाणी प्या. शिडी म्हणाली, पाणी पी. वर्तमानपत्रात आलं, उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या. सरळबाई सांगितलेलं ऐकणारी. ती साध्या पिंपावर उभी राहून पेल्यामागून पेले रिचवायची. पोट डुचमळायचं, मळमळायचं, आणि तास न भरता पुन्हा घशाला कोरड. जितकं पाणी प्यावं तितकी ती जास्तच गळत होती. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ना, तसं चाललं होतं, फक्त हा घडा सुलटा होता आणि तरी भरत नव्हता.

“सरबत घे की गं एक पेला,” शिडी एकदा पेला पुढे करून म्हणाली. “मेल्याने आज लिंबू बरं पिळलंय.”

सरळबाईने पेल्याकडे पाहिलं. पेल्याच्या काठाशी लिंबाची एक बी तरंगत होती. तिला तो पेला इतका हवासा वाटला की तिची तिलाच लाज वाटली. संध्याकाळी खुर्चीतून येणारा आवाज तिला आत्ताच ऐकू आला. ती म्हणाली, “नको. मला गोड चालत नाही.” म्हणताच कान तापले. शिडीने ते बघितलं, पण तिला वाटलं, उष्म्याने असेल.

ज्या दिवशी प्रकार घडला त्या दिवशी एका मोठ्या हॉटेलच्या चादरी होत्या, रुंद आणि ओलीने जड. दुपार कलत आली होती. सरळबाईला समोरची शिडी कधी एक दिसत होती, कधी दीड. तिने चादरीचा कोपरा रोलरच्या तोंडाशी नेला, सोडायची वेळ झाली, आणि तिची बोटं उघडेनात. पेटका आला होता. मूठ चादरीवर आवळून बसली ती बसलीच. शिडीने तिच्या भरवशावर आपला कोपरा सोडलेला होता, पण चादर तिरकी खेचली गेली आणि तिच्या काठाचा पीळ शिडीच्या मनगटाला बसला. दोघी पुढे ओढल्या गेल्या. शिडीचा दुसरा हात लांब होता म्हणून बरं. तिने डोक्यावरची लाल दोरी खेचली आणि रोलर थांबला. तिच्या करंगळीचं टोक गरम लोखंडाला लागून पांढरं पडलं होतं.

 यंत्र बंद पडल्यावर खोलीत वाफेचा सूं सूं आवाज तेवढा राहिला.

“लागलं का गं?” सरळबाई म्हणाली. तिची मूठ अजून उघडली नव्हती. शिडीनेच पोळलेल्या हाताने तिचं एक एक बोट सोडवलं.

मुकादमाने शिडीची करंगळी थंड पाण्याखाली धरायला लावली आणि मग सरळबाईला बाजूला घेतलं. “बाई, तुम्हाला उद्यापासून टॉवेलांच्या घड्यांवर घेतो,” तो म्हणाला. “बरं वाटेपर्यंत. आज पोळलं, उद्या हात जाईल. तुमचा नाहीतर तिचा.”

स्वतःचा हात गेला असता तर सरळबाईने एकवेळ सोसलं असतं. शिडीचा गेला असता, हे तिच्याने सोसवेना. ती खाली ओल्या फरशीवर बसली आणि रडली. शिडीने तिला उठवलं आणि कारखान्याच्या कोपऱ्यावर जो दवाखाना होता तिथे नेलं, स्वतःची करंगळी दाखवायची म्हणून आणि हिलाही दाखवायचं म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी करंगळीला मलम लावलं, मग सरळबाईची नाडी पाहिली, रक्त घेतलं आणि आत तपासायला दिलं. पाणी किती पिता, विचारलं. सरळबाईने सांगितलं. बाईंच्या भुवया वर गेल्या.

“आणि खाण्यात काय?”

“सगळं खाते.”

कान पेटले. शिडीने या खेपेला त्या कानांकडे नीट बघितलं. मग ती उगीच काहीतरी बोलावं तशी बोलली, “डॉक्टर, एक गंमत सांगू? आमच्या सगळ्यांच्या निळ्या सदऱ्यांवर घाम वाळला की पाठीवर पांढरा नकाशा उमटतो. खाराचा. गणवेश धुवायला टाकताना आम्ही हसतो, कुणाच्या पाठीवर कुठला देश आलाय म्हणून. हिच्या पाठीवर महिनाभर काही येत नाहीये. मला वाटायचं, ही घरून धुऊन आणते.”

डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. “मीठ खाता का तुम्ही?”

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता आणि अंगात तेवढं त्राणही नव्हतं. सरळबाईने सगळं सांगितलं. बरणी, ताट, शब्द, रोजची तपासणी. शिडी तोंडाचा आ वासून ऐकत होती. रक्ताचा अहवाल आला तेव्हा तो वाचायची बाईंना फारशी गरज उरली नव्हती.

“घामातून नुसतं पाणी जात नाही,” त्या म्हणाल्या. “मीठही जातं. तुम्ही पाणी तेवढं भरत राहिलात आणि उरलंसुरलं मीठ आणखी पातळ केलंत. अजून थोडे दिवस गेले असते तर भोवळ येऊन पडला असतात, आणि पडून उठला असतात की नाही, सांगता येत नाही. तुमच्या मालकांना मी तपासलेलं नाही. पण त्यांच्या डॉक्टरांनी कमी म्हटलं असेल, बंद नाही, ते जाऊन नीट विचारून या. त्यांचं पथ्य त्यांना. तुम्ही दिवसभर भट्टीशी उभ्या असता. तुम्हाला मीठ हवं. आजच्या आज, जेवणात.”

त्यांनी थांबवून घेऊन औषधाचं खारट पाणी हळूहळू पाजलं, ते सरळबाईने डोळे मिटून घेतलं. औषध म्हणून घेतलं, तेव्हा शब्द मोडला असं होत नाही, असं तिने स्वतःला बजावलं. जेवणातलं कसं करायचं, ते मात्र तिला सुचेना. मीठ खावं तर करार मोडतो. करार मोडला की ‘मी घातला तर तुम्हीही घाला’ हे आपलेच शब्द. माणूस हट्टी आहे, बरणी जवळ ओढेल, आणि पुढचा झटका हलका येईलच असं कुणी लिहून दिलेलं नाही. न खावं तर आपण जातो, आणि जाताना शिडीचा हात घेऊन जातो. आगीतून उठून फुफाट्यात, दुसरी जागाच नाही.

“मी येते वर. मीच सांगते त्यांना,” शिडी इमारतीच्या दाराशी म्हणाली.

“तू नको. तू मीठमिरची लावून सांगशील.”

“मिरची मी लावते. मीठ तू खा.”

सरळबाईला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. ती एकटी जिना चढून गेली.

तपासनीस खुर्चीत होता. “उशीर झाला. तिकीट?”

ती उभी राहिली. सांगायचं कसं याचा जिन्यात केलेला सगळा विचार पुसून गेला. तिने जे घडलं ते घडल्या क्रमाने सांगितलं. मूठ उघडेना ते, शिडीची करंगळी, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, पडून उठले असते की नाही तेसुद्धा. शेवटी म्हणाली, “पण तुम्ही खायचं नाही. मी खाल्लं तरी तुम्ही खायचं नाही. तो शब्द मी परत घेते.”

 तपासनीस उठला, चपला घातल्या आणि जिना उतरून गेला. ती घाबरली. रागाने गेला असं तिला वाटलं. मग खालच्या मजल्यावरून बोलण्याचा आवाज येऊ लागला. त्याचा आणि शेजारणीचा.

“नाही देणार,” शेजारीण म्हणत होती. “तुमच्या बायकोने बजावून ठेवलंय.”

“अहो, मला नकोय, तिला हवंय.”

“सगळे असंच म्हणतात. तुम्हीच नाही का तिकिटं तपासायचात, तुम्हाला ठाऊक आहे सगळे काय काय सांगतात ते.”

“सही करून देतो.”

“तिला पाठवा.”

सरळबाई कठड्याशी गेली आणि खाली वाकून म्हणाली, “द्या हो त्यांना. माझ्यासाठीच आहे.” आपला आवाज जिनाभर घुमला आणि सगळ्या दारांना कळला, असं तिला वाटलं. आता मागे घ्यायची सोय नव्हती.

तो कागदाच्या पुडीत मीठ घेऊन वर आला. ताटं त्यानेच मांडली. भाजी वाढली, भात वाढला. मग तिच्या ताटातल्या भाजीवर चिमटीने मीठ टाकलं आणि बोटाने नीट कालवलं. 

“तुला काय वाटलं,” तो तिच्याकडे न बघता म्हणाला, “तू अळणी खातेस म्हणून मी खातोय? पहिल्या आठवड्यापुरतं होतं ते. पुढे मी खायला लागलो ते मला जगायचंय म्हणून. तुझ्यासोबत जगायचंय म्हणून. आणि तू तिकडे पाण्याचे पेले पिऊन पिऊन... मी रोज तुझे कान तपासले, तोंड कधी नीट बघितलं नाही. तू गेली असतीस तर हे अळणी गिळून मी कुणासाठी बसलो असतो?”

“मला वाटलं, तुम्ही बरणी...”

“जेव.”

तिने घास घेतला नाही. तो आपलं ताट उचलून उभा राहिला.

“कुठे निघालात?”

“आत बसतो. आजच्या दिवस.” तो दारात थांबला. “खोटं नाही सांगत. त्या कालवलेल्या भाजीचा वासही वेगळा येतोय. समोर बसलो तर हात जाईल माझा. सवय झाली की येईन बाहेर.”

लग्न झाल्यापासून दोघं एका घरात असताना वेगळ्या खोलीत कधी जेवली नव्हती. पलीकडून त्याच्या चावण्याचा आवाज येत होता, सावकाश, एकसारखा. सरळबाईने घास तोंडात घातला. साधीच भाजी होती, रोजचीच. पण ती जिभेला लागताच अंग सैल पडलं, आणि तिला इतकं बरं वाटलं की अपराध्यासारखं झालं. तिने दुसरा घास घेतला, मग घाईने तिसरा.

“चांगलं लागतंय का?” आतून आवाज आला.

इतके महिने तिने रोज त्याच्यासमोर बसून छान झालंय, छान झालंय म्हटलं होतं. लाल झालेले कान दिसू नयेत म्हणून मान खाली घालून म्हटलं होतं. आज भिंतीआडून तो तिचे कान बघू शकत नव्हता. काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं.

“खूप चांगलं लागतंय,” ती म्हणाली.

आतलं चावणं थोडा वेळ थांबलं.

“मग पोटभर जेव,” तो म्हणाला, आणि पुन्हा जेवू लागला.